थेंबभर तेल आणि कारागिराची सही
(कुळगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणास आम्ही लहान विमानाच्या चाकांच्या यंत्रणेतील तेलगळतीचा विषय निवडला, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या ज्ञातीच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भाता आणि ऐरण सांभाळली, तिला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरविलेल्या पस मॉथ विमानाची चाके स्थिर होती. पुढे वेग वाढावा म्हणून उड्डाणानंतर चाके पोटात ओढून घेण्याची युक्ती रूढ झाली आणि हे काम बहुधा तेलाच्या दाबाकडे आले. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कालचा नियम आपण शाळेत शिकलोच आहोत. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोंचा भार दिला, तर ५ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या ५० किलो उचलतो. गॅरेजातील तेलाचा जॅक याच नियमाने चालतो.

पायपर ॲरो या चार आसनी विमानात वर घेतलेली चाके तेलाच्या दाबानेच वर राहतात. दाब अजिबात गेला, तर ती आपल्या भारानेच खाली यावीत, अशी योजना आहे. गळती सुरू झाली की दाब टिकविण्यासाठी विजेचा पंप उड्डाणात वारंवार चालू होतो. हा पहिला इशारा होय. तेल दट्ट्याच्या झिजलेल्या रबरी कड्यावरून आतल्या आत निसटत असेल, तर जमिनीवर थेंबही दिसत नाही.

दुरुस्तीची रीत शिस्तीची आहे. विमान जॅकवर घेऊन सर्व सांधे प्रथम कोरडे पुसावयाचे, मग दाब देऊन पाहावयाचे. कारण तेल ओघळत दूर जाते, आणि जेथे ते ठिबकते तेथेच ते गळते असे नाही. सूक्ष्म छिद्रातून दाबाने सुटलेली धार कातडीत शिरते, म्हणून बोटाने चाचपणे वर्ज्य. दाब असताना सांधा आवळावयाचा नाही, आणि ठरलेल्या जोरापेक्षा अधिक आवळला तर नळीचे तोंडच तडकते. दट्ट्याच्या दांड्यावर ओरखडा असेल, तर नवे कडे बसवूनही गळती परत येते. या यंत्रणेत तांबडे खनिज तेल चालते; मोटारीचे ब्रेकतेल घातले तर रबर फुगून निकामी होते. अखेरीस हवा काढून, चाके अनेकदा वर-खाली करून, संकटकालीन उतरणीचीही परीक्षा घ्यावयाची. मग नोंदवहीत नोंद, आणि तीखाली परवानाधारक अभियंत्याची सही.

या सहीचे मोल किती? ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजास निघालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या मोठ्या विमानात उड्डाणानंतर याच प्रकारच्या द्रवदाब-यंत्रणेत बिघाड झाला. इंधन कमी करण्यासाठी विमान दोन तासांहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालीत राहिले. सुमारे १४० जिवांसह ते सुखरूप उतरले. वैमानिकांची व सहवैमानिक मैत्रेयी शितोळे यांची नावे वृत्तपत्रांत आली, ते योग्यच झाले. परंतु रोज शेकडो विमाने कोणत्याही बातमीवाचून उतरतात, त्यामागील कारागिरांची नावे कोणी छापीत नाही.

आता मूळ मुद्दा. विद्यार्थी-साहाय्य देताना आपण पदवीधरांचा गौरव करतो. पाना हाती घेणाऱ्या मुलास मात्र ‘शिकला नाही’ म्हणतो. अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणारा मुलगा लग्नाच्या बोलणीत मागे पडतो. ज्या हातांनी आपली ज्ञाति उभी राहिली, त्या हातांचीच ही अवहेलना नव्हे काय? आमची नम्र सूचना आहे की, येत्या वर्षापासून या साहाय्याचा काही भाग हत्यारे घेण्यास आणि कारागिरीच्या परवान्यांच्या परीक्षांच्या शुल्कास राखून ठेवावा, आणि त्यात मुलींनाही समान स्थान असावे.

मुलांनो, तुम्हांस एवढेच सांगणे: कोणी पाहात नसताही सांधा पुन्हा पुसून पाहा, आणि ज्या कामाची खात्री नाही त्याखाली सही करू नका.