सोबतिणीचा वारसा

(भुसावळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



भुसावळ हे रेल्वेचे गाव. बदलीच्या हुकमाबरोबर येथे येणाऱ्या माणसांपैकी काहींनी विवाहावाचूनच संसार थाटले. कोठे आंतरजातीय विवाहाला घरचा विरोध असतो. कोठे टाकलेल्या स्त्रीचा पहिला विवाह कोर्टातून कधी मोडलेलाच नसतो. कोणी विचारपूर्वक विवाह नाकारतो. दोन स्त्रिया वा दोन पुरुष एकत्र राहात असतील, तर कायद्याने त्यांना विवाहाचा मार्गच मोकळा नाही.

अशा घरातील कर्ता पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याची मिळकत प्रथम पत्नी, मुले व आई यांच्याकडे जाते. पहिल्या वर्गातील कोणी नसेल तर वडील, भावंडे. पुढे दूरचे भाऊबंद. आणि कोणीच नसेल तर सरकार. या लांबलचक यादीत वीस वर्षे त्याची उस्तवार केलेल्या सोबतिणीचे नाव कोठेही नाही. सरकारला जे मिळू शकते, ते तिला मिळू शकत नाही!

दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे गृहीत धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बद्रीप्रसाद खटल्यात म्हटले. परंतु हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि पहिला विवाह कायम असेल तर ते उपयोगी पडत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला राहत्या घरात संरक्षण दिले. वारसाहक्क दिला नाही.

"नॉमिनी म्हणून तिचे नाव लावले आहे," असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. हा भ्रम आहे. नॉमिनी म्हणजे सामान्यतः रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त; मालक नव्हे. विम्याबाबत हे १९८३ च्या सरबतीदेवी खटल्यात ठरले. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विम्यात आईवडील, पती-पत्नी व मुले या नॉमिनींना लाभाचा हक्क मिळाला. सोबतीण त्यातही नाही. कंपनीच्या शेअर्सबाबत तोच निर्णय मुंबईच्या साळगावकर खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये आला.

म्हणून मृत्युपत्र करावे, आणि दोघांनीही करावे. त्याला स्टँप लागत नाही. साधा कागद पुरतो. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य हव्यात. जिला मिळकत द्यायची तिला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्यावी. उद्या भाऊबंदांनी वाद काढल्यास आधार होतो. घर दोघांच्या पैशाने घेतले असेल तर खरेदीखतात दोघांची नावे व हिस्से लिहावेत. शेतजमिनीला कूळकायद्याची बंधने आहेत. तेथे वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गावी टाकून दिलेली पत्नी असेल, तर तिच्या पोटावर पाय देऊन सोबतिणीला न्याय मिळत नाही. मृत्युपत्रात दोघींचाही विचार हवा. स्त्रीमुक्तीची भाषा करणाऱ्यांनी एका स्त्रीचे ऋण दुसरीच्या हिश्श्यातून फेडू नये.

आपण संघटनेच्या बैठकीत महागाईभत्त्याचा हिशेब पैन्पै मांडतो. हा हिशेब मात्र संकोचापायी टाळतो. घरातून बाहेर काढलेल्या बाईसाठी नंतर मोर्चा काढण्यापेक्षा, तिचा सोबती हयात आहे तोवर त्याच्या घरी जा, त्याला कागद लिहायला लावा आणि साक्षीदार म्हणून स्वतः सही करा.