विनोद संपले, हसू उरलं

१३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया चौघांना सोबत घेऊन हसायला उभे राहिले. कुणीतरी विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. गर्दी वाढत गेली, पण दोनेक आठवड्यांत विनोद आटले. उरले ते बोचरे आणि चावट. तक्रारी आल्या. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला! नुसतंच हसायचं. मुद्दाम हसलं काय नि आपसूक हसलं काय, शरीराला फायदा सारखाच, असं त्यांचं म्हणणं. ते जसंच्या तसं मला पटत नाही. पण घोळक्यात ओढूनताणून आणलेलं हसू खरं व्हायला वेळ लागत नाही, एवढं खरं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाला आढळलं, की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो.

खळखळून हसताना श्वासपटल जोरात हलतं, नाडी थोडी वाढते आणि मग स्नायू सैल पडतात. आवळलेले खांदे उतरतात. संध्याकाळी घरी साहेबांची नक्कल करणाराही हेच साधत असतो, बागेत न जाता. नक्कल समोर बसलेल्याची असेल, तर मात्र ताण फक्त जागा बदलतो.

हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी हास्यव्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत. पोट धरून हसणं टाक्यांना मानवत नाही.