परीक्षेवाचून निदान



वैद्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून, ज्या व्याधींविषयी रुग्ण आपल्या घरच्यांपाशीही अवाक्षर काढीत नाही, त्यांच्याविषयी मी आज मोकळेपणाने बोलणार आहे.

सुश्रुताने अर्श म्हणजे मूळव्याध आणि भगंदर या दोहोंची गणना आठ महागदांत केली, अर्शासाठी भेषज, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चतुर्विध उपाय सांगितले आणि भगंदराचा मार्ग एषणीने, म्हणजे सळईने, शोधण्याचा विधी घालून दिला. तेव्हा आधी पाहावे, स्पर्शावे आणि मगच निदान सांगावे, हा आपल्या शास्त्राचा जुना शिरस्ता आहे. आज मात्र शौचाच्या वाटे रक्त पडले की रुग्ण स्वतःच ‘मूळव्याध’ म्हणतो, आणि आपल्यापैकी कित्येक तेच नाव केसपेपरवर चढवून मलमाची चिठ्ठी हाती देतात. ही हयगय मला अक्षम्य वाटते. वेदनेवाचून पडणारे लालभडक रक्त बहुधा मूळव्याधीच्या कोंबांचे असते, शौचाच्या वेळी कापल्यासारखी उठणारी आणि नंतर तासन्‌तास जाळणारी कळ बहुधा परिकर्तिकेची, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेची, असते, ठणका व ताप असल्यास गळवाचा संशय घ्यावा लागतो. परंतु याच रक्तस्रावाच्या आडोशाने मलाशयाचा कर्करोगही वाढत असतो, आणि बोटाला सहज लागली असती अशी गाठ, बोट घातलेच नाही म्हणून, महिनोन्‌महिने निसटून जाते.

एकदा मूळव्याधच असल्याची खातरजमा झाली की पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील बहुतेक कोंबांना चोथायुक्त आहार, पुरेसे पाणी आणि कुंथण्याची सवय मोडणे एवढ्यानेच उतार पडतो. उरलेल्यांपैकी कित्येकांचे काम रबरी कड्याने भागते, आणि शस्त्राची पाळी थोड्यांवरच येते.

भगंदराची गोष्ट निराळी. गुदग्रंथींत पू होऊन गळू होते, ते फुटले अथवा फोडले तरी आतले मुख राहून गेल्यास नळी वाहतच राहते. ती नळी संवरणी स्नायूंच्या किती जाडीतून गेली आहे यावर सारे अवलंबून असते, कारण कमी छेदले तर व्याधी परतते आणि अधिक छेदले तर मलधारणाच जाते. 1976 साली शल्यचिकित्सक पार्क्स यांनी केलेले वर्गीकरण याच स्नायुसंबंधावर उभे आहे. या पेचातून एक वाट आपल्याच परंपरेने दाखविली: काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी 1960 च्या दशकात क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. स्नुहीच्या चिकाची अकरा, चीक व अपामार्गक्षार यांची सात, आणि चीक व हळद यांची तीन अशी एकवीस पुटे चढविलेला तो दोरा दर आठवड्याला बदलीत गेल्यास नळी हळूहळू कापीत जातो आणि मागची जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत व्याधी परतण्याचे प्रमाण क्षारसूत्राने 4 टक्के, तर शस्त्रक्रियेने 11 टक्के आढळले. जखम भरण्यास मात्र क्षारसूत्राने चारांऐवजी आठ आठवडे लागले. हा दाखला अभिमानास्पद आहे, तरी तो दाखवून प्रत्येक भगंदर दोऱ्याने बरा होतो असे सांगणाऱ्यांना मी विनवीन की क्षय किंवा आतड्यांचा क्रोन रोग यांमुळे झालेला भगंदर दोऱ्याने मूळ रोगापासून सुटत नाही, आणि संशय येताच ऊतक तपासणीस पाठविलेच पाहिजे.

म्हणून या परिषदेपुढे मी सूचना मांडतो की आपल्या प्रत्येक बाह्यरुग्णकक्षात तपासणीसाठी पडद्याआडची जागा असावी, स्त्री-रुग्णाजवळ परिचारिका उभी राहावी, आणि गुदमार्गाच्या तक्रारीच्या केसपेपरावर बोटाने केलेल्या परीक्षेचा रकाना कोरा असल्यास औषधाची चिठ्ठी लिहिली जाऊ नये.