पाणी सोडण्याचा आदेश आणि उच्च न्यायालय

मुळा, भंडारदरा, निळवंड्याचं पाणी जायकवाडीला सोडायचा आदेश निघाला, की आपल्या नगर जिल्ह्यात विचारणा सुरू होते: कोर्टात जाता येईल का?

येतं. राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. आपला जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे येतो. मात्र कुणाला किती टीएमसी द्यायचं, याचं गणित न्यायमूर्ती सहसा मांडत नाहीत. आदेश देणाऱ्याला तो अधिकार होता का, ज्यांना झळ बसणार त्यांचं ऐकून घेतलं का, कारणं नोंदवली का, निर्णय मनमानी तर नाही ना, हे ते तपासतात. वकिलाचं कसब लागतं ते इथेच. पीक वाळल्याचं दुःख कितीही खरं असो, आदेशातला कायदेशीर दोष दाखवावाच लागतो.

जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2014 चा समन्यायी पाणीवाटपाचा आदेश असाच मुंबई उच्च न्यायालयात गेला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा त्याचा गाभा. 2016 मध्ये न्यायालयानं या प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यातली समन्यायी वाटपाची तरतूद वैध ठरवली. नगर-नाशिकच्या लाभधारकांना निकाल जड गेला. पण खालच्या गावांचाही गोदावरीवर तेवढाच हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोणत्याही सरकारी आदेशाविरुद्ध जायचं, तर त्याची नक्कल लगेच मागा. अपिलाची सोय असेल, तर आधी तिथं जा. नाहीतर न्यायालय बहुधा तिकडेच पाठवतं.