नातीचा रॅश आणि माझ्या खिशातली ट्यूब



मला या व्याख्यानमालेत बोलावलं तेव्हा आयोजकांना वाटलं असणार की कर्नलसाहेब सीमेवरच्या गोष्टी सांगतील. पायदळात ३१ वर्षं काढली, तेव्हा गोष्टी आहेतच. पण आज मी बोलणार आहे बाळाच्या ढुंगणावर येणाऱ्या रॅशबद्दल. हसा, हसा. माझी मुलगीही हसली. मग म्हणाली, "बाबा, बोला. पण ट्यूबचंही सांगा."

ट्यूबचं सांगणारच आहे. त्यासाठीच आलोय.

आमचं बिऱ्हाड सिकंदराबादला. शेवटची बदली इथे झाली आणि इथेच राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर तेलुगू आणि हिंदी. मुलगी-जावई जवळच राहतात, दोघं नोकरी करणारे. गेल्या पावसाळ्यात नात आठ महिन्यांची होती. मुलीची बाळंतपणाची रजा संपली होती आणि नात दिवसभर आमच्याकडे असायची. त्याच सुमाराला माझ्या मेहुण्याचं ऑपरेशन निघालं आणि आमच्या हिला सांगलीला जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "अहो, जमेल ना तुम्हाला?" मी म्हणालो, "एकशे वीस जवानांची कंपनी सांभाळलीय, एक पोर काय सांभाळणार नाही?"

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी नातीच्या कानात इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, ते गरजेचंच होतं. कान सुधारला, पण पोट बिघडलं. दिवसातून आठ-नऊ वेळा पातळ शी. मी प्रत्येक वेळी सुगंधी वाइपनं खसाखसा पुसायचो, टाल्कम पावडर भुरभुरायचो, डायपर घट्ट बांधायचो. दुपारी ती झोपली की तीन-तीन तास डायपर उघडून बघायचो नाही, कारण पाकिटावर बारा तासांची हमी छापली होती.

दोन दिवसांत ढुंगण लाल झालं. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोरानं न विचारता एक ट्यूब काढून दिली. "सर, सबको यही देते हैं. दो दिन में साफ." आणि खरंच, दोन दिवसांत लाली उतरली. मी खूश. मुलीला काहीच बोललो नाही. म्हटलं, उगाच ऑफिसात तिच्या डोक्याला ताप कशाला.

चौथ्या दिवशी सकाळी डायपर उघडला आणि माझे हात थांबले. जांघेच्या वळ्यांमध्ये गडद लाल, ओलसर, सोलल्यासारखी कातडी. कडेला सुटे सुटे लाल ठिपके, पार मांडीपर्यंत. दोन ठिकाणी रक्त. कोमट पाण्याचा हात लागला तरी पोर अशी किंचाळायची की शेजारच्या आजी धावत आल्या. शू झाली की किंचाळायची, शी झाली की किंचाळायची. ज्या आजोबांच्या खांद्यावर ती झोपायची, ते आजोबा तिला बदलायच्या पलंगाकडे न्यायला लागले की ती माझा शर्ट घट्ट धरून रडायची. मंडळी, मी माणसं जखमी झालेली पाहिली आहेत. पण आपल्या हातानं केलेली जखम पाहायला वेगळं धैर्य लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

त्या दिवशीही मी मुलीला फोन केला नाही. संध्याकाळी ती आली, तिनं बघितलं आणि तशीच बाळाला घेऊन डॉक्टरांकडे निघाली. मी सोबत गेलो.

बालरोगतज्ज्ञ बाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी वळ्या हलकेच उघडून पाहिल्या आणि विचारलं, "काय काय लावलं?" मुलगी म्हणाली, "काही नाही, पावडर फक्त." खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मी खिशातून ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. मुलीनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

आता एक जुनी आठवण सांगतो, म्हणजे ती ट्यूब खिशात ठेवल्याची मला इतकी लाज का वाटली ते कळेल. मी तरुण कॅप्टन असताना आमची कंपनी ईशान्येच्या जंगलात होती. आठवडेच्या आठवडे पाऊस. तिथे रोज संध्याकाळी एक काम चुकायचं नाही, ते म्हणजे पायांची तपासणी. बूट काढा, मोजे काढा, पाय दाखवा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलाच्या खंदकांत सैनिकांचे पाय ओले राहून राहून सडायचे. त्याला ट्रेंच फूट म्हणतात. उपाय काय निघाला? पाय कोरडे करा, मोजे बदला, व्हेलच्या तेलाचा थर द्या आणि रोज कोणीतरी दुसऱ्यानं पाय तपासा. आमच्या कंपनीतल्या एका जवानानं चार दिवस पाय दुखत असल्याचं लपवलं. शेवटी त्याला उचलून न्यावं लागलं. मी त्याच्यावर खूप ओरडलो होतो. "दुखतंय हे सांगायला काय कमीपणा होता?"

तीस-पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न माझ्यावर उलटला.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, तेच मी आज तुमच्यापुढे ठेवतोय.

कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, जराशा घासण्यानंही सोलते. शू आणि शी एकत्र आली की अमोनिया तयार होतो, त्यानं शीमधले पचनाचे पाचक रस जास्त तिखट होतात आणि कातडीच खायला लागतात. जुलाबात तर हे रस भरपूर असतात. म्हणून साधा रॅश होतो. तो बहुतेक फुगीर भागावर असतो, जिथे डायपर घासतो. वळ्यांच्या आत फारसा जात नाही.

पण अँटिबायोटिकमुळे शरीरातले चांगले जंतू कमी होतात आणि कॅन्डिडा नावाची बुरशी फोफावते. तिला ओल आणि ऊब हवीच असते. तिची खूण म्हणजे वळ्यांच्या आतली गडद लाली आणि कडेला सुटे ठिपके. आमच्या नातीला नेमकं तेच झालं होतं.

आणि माझी ट्यूब? तिच्यात तीन औषधं एकत्र होती. बुरशीचं, जंतूंचं आणि त्यात एक कडक स्टिरॉइड. स्टिरॉइडनं लाली दबते, म्हणून दोन दिवस बरं वाटलं. आत बुरशी मात्र वाढत राहिली. शिवाय वर डायपर, म्हणजे हवाबंद पट्टीच. तिच्याखाली मलम कितीतरी जास्त शोषलं जातं. बाळाची नाजूक कातडी आणखी पातळ होते आणि जास्त दिवस लावलं तर शरीरातल्या हार्मोन्सवरही परिणाम होतो. असं मलम चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं. पण पोरानं विकलं आणि शिकल्यासवरल्या कर्नलनं ट्यूबवरचं न वाचता घेतलं. कधी डॉक्टर स्वतः सौम्य स्टिरॉइड दोन-चार दिवस देतात, ते त्यांनी बघून ठरवायचं. आपण नाही, आणि काउंटरवरच्या पोरानं तर नाहीच.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, पुसणं बंद. वाइप बंद. शी झाली की बाळाला हातावर पालथं धरायचं आणि तांब्यानं कोमट पाणी सोडायचं. चिकटलेलं निघालं नाही तर टबात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बसवायचं, ते आपोआप सुटतं. साबण जवळजवळ नाहीच. मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं.

दुसरं, हवा. पलंगावर मेणकापड, वर जुनं दुपटं, आणि बाळ उघडं. दिवसातून चार-पाच वेळा, जितका वेळ जमेल तितका. दुपटी ओली होतात, होऊ द्या. मी एका दिवसात अकरा दुपटी धुतली, पावसाळ्यात पंख्याखाली वाळवली. पूर्ण वाळल्याशिवाय वापरायची नाहीत.

तिसरं, औषध. डॉक्टरांनी फक्त बुरशीचं मलम लिहून दिलं, पातळ थर, दिवसातून दोनदा. ते मुरलं की वर झिंक ऑक्साइडचं दाट पांढरं मलम. केकवरच्या क्रीमसारखा जाड थर, कातडी दिसताच कामा नये. हा थर म्हणजे आमचं व्हेलचं तेल. औषध नव्हे, तटबंदी. पुढच्या वेळी बदलताना वरचा घाण झालेला थरच काढायचा, खालचा राहिला तर राहू द्यायचा, वर नवा द्यायचा. मी पहिल्या दिवशी सगळं खरवडून काढत होतो, त्यानंच तिला दुखत होतं. काढायचंच असेल तर कापसाला थोडं तेल लावून.

चौथं, डायपर एक नंबर मोठा आणि सैल. दर दोन तासांनी बघायचा. शी झाली की त्याच मिनिटाला बदलायचा. बरं होईपर्यंत रात्रीही उठायचं. मी गजर लावायचो, बारा, दोन, चार. गस्तीची सवय होतीच.

आणि पोर रडते तिचं काय? डॉक्टरांनी वजन बघून पॅरासिटामॉलचे थेंब सांगितले होते, ते पहिले दोन दिवस दिले. बाकी खांदा. मला अंगाई येत नाही. मी तिला खांद्यावर टाकून व्हरांड्यात 'एक-दो-एक, एक-दो-एक' म्हणत चालायचो. तिसऱ्या रात्री ती त्या तालावर झोपली. पाणी सोडताना ओठ काढले, पण किंचाळली नाही. आठवड्यात कातडी भरून आली. मलम डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस पूर्ण केलं, लाली गेली म्हणून मध्येच सोडलं नाही.

आता घरोघरी चालणाऱ्या काही गोष्टी. टाल्कम पावडर नको, बाळाच्या श्वासात जाते. माझ्या आईच्या काळी बोरिक पावडर लावायचे, ती तर मुळीच नको. सोललेल्या कातडीतून ती रक्तात जाते आणि बाळाला विषबाधा होऊ शकते. रॅश असताना डाळीचं पीठ, हळद चोळणं नको. साध्या, न सोललेल्या लालीवर खोबरेल तेल लावलं तर हरकत नाही.

सांगलीहून परतल्यावर आमची ही म्हणाली, "आमच्या वेळी कापडी लंगोट होते, असलं काही व्हायचं नाही." व्हायचं, आपण विसरतो. पण त्या काळी लंगोट ओला झाला की लगेच कळायचं आणि लगेच बदलला जायचा. डायपर शू पिऊन घेतो, शी नाही. कापड असो की डायपर, ओल किती वेळ कातडीला लागून राहिली, प्रश्न तेवढाच.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगतो. ताप असेल, फोड किंवा पू दिसला, रक्त आलं, बाळ महिन्या-दीड महिन्याचं असेल, किंवा नीट काळजी घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल, तर थांबू नका. रॅश तोंडाभोवतीही असेल आणि हटत नसेल तर जस्ताची कमतरता असू शकते, तेही डॉक्टरच ओळखतात. आणि जाताना जे जे लावलंत त्या सगळ्या ट्यूबा, पावडरी सोबत न्या.

शेवटचं एक, आणि हे माझ्यासारख्या आजोबांसाठी. इंदूरला असाल, बडोद्याला असाल, बंगळूरला असाल, आज कितीतरी घरांत नातवंडं आपल्या हातात आहेत. आपल्याला वाटतं, आपण मोठे, आपल्याला कळतं. नाही कळत, आणि त्यात कमीपणा नाही. पण चुकलं तर त्याच दिवशी मुलीला किंवा सुनेला फोन करा. मी एक दिवस लपवलं, तो एक दिवस नातीनं सोसला.

डॉक्टरांकडून परत येताना मुलगी गाडीत गप्प होती. घराशी आल्यावर म्हणाली, "बाबा, उद्याही तुमच्याकडेच ठेवणार आहे तिला. फक्त मला सांगत जा." गणवेशावर मिळालेली पदकं कपाटात आहेत. त्या वाक्याइतकं मोल त्यांतल्या एकालाही नाही.

आता आमच्या घरी रोज संध्याकाळी तपासणी होते. पायांची नाही. नातीला ती आवडते, हसते.