दुखणाऱ्या लेकराचा व्यायाम



मी राईस मिलमध्ये काम करणारा माणूस. शिक्षण नववी. जे कळले ते दवाखान्याच्या बाकावर बसून, विचारून विचारून कळले. आज सिकलसेलवर बोलतो. हा आजार विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचे वर्णन छापले. आमच्या घरी मात्र पुष्कळ वर्षे त्याला वातच म्हणत होते.

माझ्या धाकट्या मुलीला हा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि हाड ठणकते. तिच्या खुब्यातला हाडाचा गोळा असाच रक्तावाचून खराब होऊ लागला. ती लंगडायची आणि मी म्हणायचो, "शाळा बुडवाले नाटक करते काय?" बापाचे हे शब्द आहेत, बंधूंनो.

डॉक्टरांनी औषधासोबत फिजिओथेरपी सांगितली. आम्हाला प्रश्न पडला, दुखते तर पाय हलवाचा काहून? तिथल्या बाईंनी समजावले. दुखते म्हणून पोर निजून राहते, निजून सांधा आखडतो, पायातली ताकद जाते, मग आणखीच दुखते. जोराची कळ, ताप किंवा छातीत दुखणे असेल तर व्यायाम बंद, सरळ दवाखाना. कळ ओसरली की थोडे थोडे सुरू.

मला पोत्यांचा हिशोब कळतो, जास्त उचलले की जास्त मजुरी. बाईंनी पाय दहा वेळा उचलायला सांगितला होता. एक दिवस पोरगी खुशीत दिसली, मी वीस वेळा करवून घेतला. पुढचे दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. तेव्हापासून चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी रागावणे नाही. किती झाले, किती दुखले ते वहीत लिहितो, आणि दुखणे ती सांगेल तेवढेच लिहायचे. आधी कोमट शेक द्यायचा. बर्फ लावायचा नाही, थंडीने कळ येते. म्हणूनच हिवाळ्यात अशा लेकरांना बोडीत पोहू देऊ नका. पाणी सारखे पाजत राहा.

शाळेत गुरुजींना सांगितले, बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला जाऊ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, ते कात्रण खिशात घेऊनच गेलो होतो. तिला मांडी घालून आणि उकिडवे बसणे मना आहे. मागे वंदनेला ती खुर्चीवर बसली तर एक आजी रागावल्या, "एवढीशी पोर, खुर्ची काहून?" आजींना काय बोलू? मलाही तिचे दुखणे कुठे दिसले होते! पण खुर्ची राहू द्या.

तरुणांनी लग्नाआधी रक्त तपासावे. दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक लेकरू असे होण्याची शक्यता असते.

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी भोजनाच्या वेळी मला भेटावे, वही सोबत आणली आहे. व्यायाम मात्र माझ्या पोरीचा पाहून करू नका, तो ज्याचा त्याचा वेगळा असतो. जयभीम.