पेपर फुटला होता का?



अध्यक्षाने भौतिकशास्त्राच्या भवितव्यावर बोलावं अशी प्रथा आहे. मी परीक्षेवर बोलणार आहे. सुपरव्हिजन करून थकलेल्या अध्यापक मंडळींना तो विषय परका वाटणार नाही.

दोन विद्यार्थी दोन वेगळ्या इमारतींत बसले आहेत. प्रत्येकाला दोनपैकी एक प्रश्न येतो, उत्तर हो किंवा नाही. परीक्षा हजार वेळा घेतली आणि दोघांची उत्तरं विलक्षण जुळत गेली. आपण काय म्हणू? पोरांनी आधीच ठरवून पाठ केलंय, नाहीतर खाणाखुणा चालल्यात. प्रकाशापेक्षा वेगाने खुणा जात नाहीत, म्हणजे पाठांतरच. १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा रोख हाच होता. विद्यार्थी म्हणजे दोन कण, प्रश्न म्हणजे त्यांच्यावरचं मोजमाप; कणांच्या खिशात उत्तरं आधीपासून असणार. क्वांटम सिद्धांताला ती दिसत नसतील तर सिद्धांत अपुरा. यात वेडगळ काहीच नाही. आइन्स्टाइन म्हातारपणी हट्टी झाला होता असं वर्गात सांगणाऱ्यांनी हा युक्तिवाद एकदा स्वतः मांडून पाहावा.

सर्नमध्ये काम करणाऱ्या जॉन बेलने १९६४ साली दाखवलं की पाठांतराला मर्यादा असते आणि ती मोजता येते. क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ साली तिला प्रयोगाजोगं रूप दिलं. ते फळ्यावर एका ओळीत मावतं. हो म्हणजे अधिक एक, नाही म्हणजे उणे एक. डावीकडच्याची पाठ केलेली दोन उत्तरं क आणि ख, उजवीकडच्याची प आणि फ. आता क(प + फ) + ख(प − फ) लिहा. प आणि फ सारखे असतील तर दुसरा कंस शून्य, वेगळे असतील तर पहिला. उरलेला कंस दोन किंवा उणे दोन. म्हणजे पोरांनी काहीही घोकलं तरी सरासरी दोनच्या वर जाणार नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो, २.८३ पर्यंत जाईल. अकरावीच्या मुलाला हे दहा मिनिटांत कळतं. मी करून पाहिलंय.

१९७२ साली बर्कलीत फ्रीडमन आणि क्लॉसर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशावर पहिली परीक्षा घेतली. क्वांटम सिद्धांत नापास होईल अशी क्लॉसरचीच अपेक्षा होती. तो पास झाला. त्याच सुमारास हार्वर्डला होल्ट आणि पिपकिन यांना पाऱ्यावरच्या प्रयोगात उलटा निकाल मिळाला. तो नियतकालिकात कधी छापला गेलाच नाही, नुसता हातोहात फिरला. क्लॉसरने पारा घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि १९७६ साली क्वांटमच्या बाजूचा निकाल दिला. होल्ट-पिपकिन यांच्या उपकरणातल्या काचेवर ताण होता, असा संशय घेतला गेला. ही कहाणी आपण वर्गात सांगत नाही. मला ती पुढे सांगणार असलेल्या आस्पे यांच्या प्रयोगापेक्षा जास्त शिकवणारी वाटते.

आता पळवाटा. इथे आपली परीक्षेची भाषा फार उपयोगी पडते.

पहिली, खाणाखुणा. प्रश्न आधीच ठरलेला असेल तर त्याची बातमी पलीकडे पोहोचू शकते. म्हणून १९८२ साली ऑर्से इथे आलँ आस्पे आणि सहकाऱ्यांनी कण वाटेत असतानाच प्रश्न बदलले. दोन टोकांत सुमारे १२ मीटर अंतर, ते कापायला प्रकाशाला ४० नॅनोसेकंद, आणि प्रश्न दर १० नॅनोसेकंदांनी बदलणारा. झालं, विषय संपला, असं आपण सांगतो. पण अँटोन झायलिंगर यांनी १९८६ साली बोट ठेवलं. प्रश्न ठरावीक लयीत बदलतोय. हुशार पोराला ती लय ओळखता येईल. हा निव्वळ खुसपटपणा वाटेल. पण १९९८ साली इन्सब्रुकला झायलिंगर यांच्याच गटाने ४०० मीटरांवर, खऱ्याखुऱ्या यादृच्छिक निवडीने प्रयोग करून दाखवला. आक्षेप घेणाऱ्यानेच तो निस्तरला. २०२२ च्या नोबेलमध्ये क्लॉसर, आस्पे आणि झायलिंगर तिघेही आहेत.

दुसरी पळवाट, अवघड प्रश्न ऑप्शनला टाकणं. प्रकाशकण टिपणारे शोधक बरेच कण चुकवायचे. जे सापडले ते सगळ्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत, असं मानून चालावं लागे. निम्म्याहून जास्त पेपर कोरे आणि तपासलेल्या पेपरांवरून निकाल! यावर ज्यांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली त्यांना अनेकदा चक्रम ठरवलं गेलं. अखेरच्या निकालाबाबत ते चुकले, आक्षेपाबाबत बरोबर होते.

दोन्ही पळवाटा एकाच वेळी बंद व्हायला २०१५ उजाडलं. डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटरवरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन. ऑप्शन नाही, प्रत्येक पेपर तपासायचा. २२० तासांत परीक्षा झाल्या फक्त २४५. म्हणजे तासाला जेमतेम एक; मधला वेळ नुसतं वाट पाहणं. आकडा आला २.४२, अधिक-उणे ०.२०. पाठांतरानेही निव्वळ योगायोगाने एवढा आकडा येण्याची शक्यता जवळजवळ चार टक्के, म्हणून त्यावरही कुरकुर झालीच. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि बोल्डर इथल्या प्रयोगांनी ती शक्यता नगण्य केली.

उरली तिसरी. प्रश्नपत्रिका काढणारा आणि पोरं यांचं आधीच संगनमत असेल तर? पेपर फुटला असेल तर? २०१८ साली ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींनी दूरच्या क्वेसारांचा प्रकाश घेऊन त्याच्या रंगावरून प्रश्न ठरवले. एका क्वेसारचा प्रकाश निघून सुमारे १२.२ अब्ज वर्षं झाली होती, दुसऱ्याचा निघून सुमारे ७.८ अब्ज. मर्यादा तरीही ओलांडली गेली. पेपर फुटला असेल तर तो किमान ७.८ अब्ज वर्षांपूर्वी फुटला असला पाहिजे.

आणि असं म्हणणारे आहेत. नोबेल मिळालेले जेरार्ड ट हूफ्ट सांगतात, विश्वारंभापासूनच सगळं जोडलेलं असेल. मला हे पटत नाही. परीक्षक, पोरं, पेपर, घंटा सगळंच एका कटात असेल तर मग कुठल्याच प्रयोगाला अर्थ उरत नाही, औषधाच्या चाचणीलाही नाही. पण ट हूफ्ट यांना हसून उडवून लावणाऱ्या वक्त्याला मी एवढंच विचारेन, की १९८६ साली लयीचा आक्षेप त्याच्या टेबलावर आला असता तर त्याने काय केलं असतं?

चहानंतरच्या सत्रात प्रश्नोत्तरं आहेत. ती ऑप्शनला टाकू नका.